ताट वेगळं काढू नका

घरातल्या कुणाला सीलिॲकचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी ‘आता आयुष्यभर गहू बंद’ असं सांगितलं, की पहिले पंधरा दिवस ते घर नुसतं गोंधळून जातं. कुणी अकोल्याहून ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेली बिस्किटं आणतं, कुणी नागपूरच्या नातेवाइकांना सांगून महागडं पीठ मागवतं, आणि त्या लेकरासाठी वेगळी पोळी, वेगळा डब्बा, वेगळा खाऊ सुरू होतो. महिना-दोन महिने हे कसंबसं रेटलं जातं. मग खर्च झेपत नाही, दोन-दोन स्वयंपाक करणारी बाई थकते, आणि ‘एक दिवस खाल्लं तं काय होते’ म्हणत पोळीचा तुकडा लेकराच्या हातावर पडतो.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या आपल्या सहाही तालुक्यांतल्या अशा घरांना माझी कळकळीची विनंती आहे. आजारी माणसाचं ताट वेगळं काढू नका. अख्ख्या घराचा रोजचा स्वयंपाकच बिनगव्हाचा करा. वऱ्हाडात हे अवघड नाही, कारण अजून दोन पिढ्यांमागे आपल्याकडे रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरच होती. गव्हाची पोळी सणाला, पाहुणा आला तर आणि आजारातून उठलेल्या माणसाला.

आधी आजाराबद्दल थोडं बोलू, कारण तो नीट कळला नाही तर पथ्य पाळलं जात नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं, की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, न वाढणारं वजन, खुंटलेली उंची ही ओळखीची लक्षणं. पण कित्येकांना पोटाचा काहीच त्रास नसतो. लोहाच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, एवढीच खूण असते. आपल्याकडे मुलीचं रक्त कमी असलं की ‘नीट जेवत नाही’ म्हणून तिलाच बोल लावतात. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टरांना सीलिॲकबद्दल एकदा जरूर विचारा.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: तपासणी होण्याआधी गहू सोडू नका. या आजारासाठी टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी असते, आणि गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. गहू बंद करून दोन-चार महिने झाले की या दोन्ही तपासण्या ‘सगळं ठीक’ असं दाखवू शकतात, आणि मग खरं काय ते कळतच नाही. कुणाच्या सांगण्यावरून, मोबाइलवरचा व्हिडिओ बघून गहू सोडणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्यांना हा आजार किंवा गव्हाची ॲलर्जी नाही, त्यांना गहू सोडायची गरज नाही. भाकर खा, ती सगळ्यांनाच चांगली. पण गव्हाला उगाच भिऊ नका.

या आजाराचं कारण गव्हात आहे हे जगाला फार उशिरा कळलं. विलेम डिके नावाचे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना महायुद्धाआधीपासूनच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि अशा अवस्थेत त्यांचे हे छोटे रुग्ण मात्र बरे राहिले. पाव परत मिळू लागला तशी मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत या आजारावर पथ्याची जागा घेईल असं औषध निघालेलं नाही. पथ्य मात्र असं आहे, की ते काटेकोर पाळलं तर बहुतेकांचं, विशेषतः लेकरांचं, आतडं पुन्हा भरून येतं, वजन वाढतं, रक्त वाढतं.

आपल्या देशात तीन भागांत केलेली एक मोठी पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात उत्तरेत साधारण शंभरात एकाला आणि दक्षिणेत हजारात एकाला हा आजार आढळला. उत्तरेत पानात गहू कितीतरी जास्त, हा त्यातला मोठा फरक. आपण या दोघांच्या मधोमध राहतो, आणि आपल्या पानातला गहू गेल्या काही दशकांत वाढतच गेला आहे. खरिपात ज्वारी, तूर, कपाशी असायची, तिथे सोयाबीन आलं. रानडुकरं आणि पाखरं ज्वारी ठेवत नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी ती सोडली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. त्यामुळे ज्वारीच्या या मुलखातल्या लेकरांना आज भाकर नको वाटते आणि पोळीशिवाय जेवण वाटत नाही. ज्यांच्या घरात सीलिॲक आहे आणि ज्यांच्याकडे शेत आहे, त्यांनी निदान घरापुरती चार-सहा तास ज्वारी पेरावी. जड जाईल, राखण करावी लागेल, पण त्या धान्याचा गव्हाशी कुठे संबंध आला नाही याची खात्री तुमची तुम्हाला असेल.

आता माझ्या मूळ सांगण्याकडे येते. माझ्या भाचीला नवव्या वर्षी हा आजार निघाला. सुरुवातीला तिला पंगतीत बाजूला बसवून वेगळं वाढायचे. सगळे प्रेमानेच करत होते, पण पोरीने जेवताना मान वर करणं सोडलं. मग तिच्या आजीने एक दिवस सांगितलं, की उद्यापासून या घरात सगळ्यांना भाकर. ज्याला पोळी खायची त्याने बाहेर खाऊन यावी. पोरगी त्यानंतर पोटभर जेवू लागली. मी हे हळवेपणाने सांगत नाही. यात सोयही आहे. घरात गहू आलाच नाही तर परात वेगळी, लाटणं वेगळं, तवा वेगळा, डब्यावर खुणा ही सगळी दगदग एका फटक्यात संपते. आणि चुकून तोंडात जाण्याची भीती उरत नाही.

ही भीती किती खरी आहे ते एका हिशोबावरून कळेल. सीलिॲकच्या रुग्णांनी तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन घेतलं तरी आतड्याला इजा होते, असं तपासणीत दिसलेलं आहे. आणि गव्हाच्या एक ग्रॅम कणकेत साधारण ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. पोळीला लावलेल्या पिठातलं परातीच्या कडेला जे चिकटून राहतं ते याहून जास्त असतं. म्हणून ‘थोडंसं’ हा शब्दच या घरातून काढून टाका.

सगळ्यात मोठा धोका मात्र घराबाहेर आहे, तो चक्कीवर. दळण देताना एकदा उभं राहून बघा. आधीच्याचा गहू दळून होतो, त्याच्यावरच तुमची ज्वारी ओततात. पहिलं शेर-दीड शेर पीठ पडतं त्यात आधीचा गहू मिसळलेला असतो. जात्याच्या दगडांत, कापडी नळीत, खालच्या डब्यात सगळीकडे कणीक बसलेली असते, आणि हवेत उडणारं पीठ वेगळंच. ज्वारी तुम्ही स्वच्छ निवडली, धुऊन वाळवली, आणि चक्कीवर जाऊन तिच्यात गहू मिसळून आणला, असं होतं. पथ्य पाळूनही लेकराला बरं वाटत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: दळण कुठे करता?

यावर पक्का उपाय एकच, घरघंटी. पैसे लागतात हे खरं. पण सहा महिने पाकिटातलं पीठ आणि बिस्किटं आणण्यात जे जातात त्यांचा हिशोब मांडा आणि मग ठरवा. दोन-तीन घरांनी मिळून घेतली तरी चालेल, अट एवढीच की तिच्यात गव्हाचा एक दाणा पडता कामा नये. बचत गटातल्या बायांना माझं खास सांगणं आहे. गटाची एखादी चक्की फक्त ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळींसाठी राखून ठेवा. गावात सीलिॲकचं एकच घर असलं तरी भाकर खाणारी घरं पुष्कळ असतात, चक्की रिकामी राहणार नाही. चक्कीवाल्या भाऊंनाही विनंती आहे. कुणी सांगितलं, की माझं दळण आधी काढा, चक्की झाडून काढा, तर त्याला नखरे समजू नका. सकाळी झाडलेल्या चक्कीवर पहिलं दळण काढणं हा पुरा उपाय नाही, पण घरघंटी येईपर्यंत धोका थोडा तरी कमी होतो.

दुसरा छुपा गहू हिंगात असतो. बाजारात डबीत मिळणारा बहुतेक हिंग बांधणीचा असतो, आणि बांधायला मैदा किंवा गव्हाचं पीठ वापरतात. वरणाच्या फोडणीत, लोणच्यात, पापडात, चिवड्यात तोच जातो. डबीवर घटक वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, नाहीतर खडा हिंग आणा, नाहीतर सरळ लसणाची फोडणी द्या. वऱ्हाडी वरणाला तीच शोभते. मेतकुटात गहू असतो, सातूच्या पिठात असतो, विकतच्या थालीपीठ भाजणीत बहुधा असतोच. रवा, शेवया, दलिया, कुरडई, मैदा हे सगळं गव्हाचंच. खपली गहूसुद्धा गहूच आहे, ‘देशी आहे, चालतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, सुरुवातीच्या वर्षात तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर आपल्याकडच्या नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. तेवढं लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर नको.

आता चुलीपाशी जाऊ. तरुण सुना सांगतात, की भाकर जमत नाही, थापताना तुटते. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, ते धरत नाही. म्हणून आठवड्यापुरतंच दळा. गव्हाच्या कणकेला ग्लुटेन धरून ठेवतं, ज्वारीत ते नाही, तिला गरम पाणी धरून ठेवतं. पाण्याला आधण येऊ द्या, परातीत पिठात मधोमध आळं करून ते ओता, चमच्याने हलवा, आणि हाताला सोसवेल तेव्हा तळहाताच्या टाचेने रगडा. एका भाकरीपुरतं पीठ घेऊन रगडायचं, सगळा गोळा एकदम नाही. कडा चिरायला लागल्या की समजा अजून रगडायला हवं किंवा पाण्याचा हात लावायला हवा. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवा, पाणी सुकत आलं की उलटा, आणि मग फडक्याने दाबत फुगू द्या. पापुद्रा सुटला की झाली.

डब्याला भाकर कडक होते ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी उकड काढा. एक वाटी पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी आणा, एक वाटी ज्वारीचं पीठ घाला, ढवळून झाकण ठेवा, गॅस बंद. दहा मिनिटांनी गरम असतानाच तेलाच्या हाताने चांगलं मळा. याची पोळी लाटता येते, पातळ होते, तव्यावर फुगते, आणि दुपारपर्यंत मऊ राहते. लेकराला शाळेत भाजी गुंडाळून न्यायला हीच द्या. ज्वारीत उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरही जास्त मऊ असते, आणि तिच्यासोबत ठेचा असला की दुसरं काही लागत नाही. बेसन आणि भाकर, ज्वारीच्या कण्या, आंबील, पातोडीचा रस्सा, डाळ-तांदळाची खिचडी, पोहे, मुगाची धिरडी, उन्हाळ्यातले ज्वारीचे धापोडे. यातल्या कशातच मुळात गहू नाही, फक्त हिंग आणि दळणाची चक्की तेवढी सांभाळा. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवर ज्वारी-बाजरीची बाटी रोज होते, भाजायचं कसब शिकायचं असेल तर त्या बायांकडे जा.

एक धोका सांगते. गहू बंद केला की काही घरं नुसत्या भातावर आणि साबुदाण्यावर येतात. त्याने पोट भरतं, पण बद्धकोष्ठ होतं आणि अंगात काही येत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या, तीळ, शेंगदाणे हे ताटात रोज असू द्या. सुरुवातीला दूध पचत नसेल तर दही-ताक द्या; आतडं भरून आलं की दूधही बहुधा पचायला लागतं. सोयाबीन आपल्या घरोघरी असतं, म्हणून काही जण ते कच्चंच दळणात घालतात. तसं करू नका, कच्चं सोयाबीन पचत नाही. आधी वीसेक मिनिटं उकळा, कडक वाळवा, मग नऊ वाट्या ज्वारीत एक वाटी एवढंच घालून दळा.

सणावारांची काळजी आईबापांना जास्त असते. खरं तर आपला उपासाचा डबा उघडला तर तो आख्खा बिनगव्हाचा आहे: भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. चतुर्थीला जे करता तेच इतर दिवशीही करा. भगरीचा उपमा, राजगिऱ्याची थालीपिठं, शिंगाड्याचा शिरा लेकरं आवडीने खातात. पीठ मात्र सुटं आणू नका, धान्य आणून घरी दळा. पोळ्याला पुरण हवंच. ते मोदकासारख्या तांदळाच्या उकडीत भरा, केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकवर हलक्या हाताने थापा आणि तव्यावर तुपात भाजा. पुरणपोळीइतकी पातळ होणार नाही, पण पुरण तेच, तूप तेच. अखजीला आमरसासोबत कुरडईऐवजी धापोडे तळा, पोळीऐवजी तांदळाचं घावन करा. दिवाळीत अनारसे, बेसनाचे लाडू, भाजणीची चकली, पोह्यांचा चिवडा हे आधीच आपले आहेत. शंकरपाळे आणि करंज्या यांचा नाद सोडावा असं माझं मत आहे. मैद्याशिवाय त्या तशा होत नाहीत, आणि नाही झाल्या की घरभर हिरमोड होतो.

भट्टीतल्या पदार्थांबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही. वाढदिवसाचा केक आणि चहासोबतचं बिस्किट यांसाठी लेकराचा जीव तुटतो, आणि हे दोन्ही घरी उत्तम होतात. त्यासाठी ओव्हनही लागत नाही. जाड बुडाचं एखादं जुनं गंज घ्या, तळाला मिठाचा बोटभर थर द्या, त्यावर स्टँड किंवा वाटी पालथी ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. झाली भट्टी.

सुरुवात नानकटाईपासून करा, कारण तिला ग्लुटेन नकोच असतं. ती जितकी भुसभुशीत तितकी चांगली. एक वाटी ज्वारीचं पीठ आणि अर्धी वाटी बेसन मंद आचेवर कोरडंच भाजा, कच्चा वास जाईपर्यंत, रंग बदलू देऊ नका. गार झालं की पाऊण वाटी थिजलेलं तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर हाताने फेसा. हात दुखेपर्यंत फेसा, मिश्रण पांढरं आणि हलकं व्हायला हवं. त्यात पीठ, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर सोडा घालून गोळा करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीच्या पिठाला ओल शोषायला वेळ लागतो, तो दिला नाही तर बिस्किट खाताना रवाळ लागतं. मग पेढ्याएवढे गोळे थाळीत अंतरावर ठेवा आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. गरम असताना उचलायला जाऊ नका, तुटतील. थाळीतच गार होऊ द्या.

केकला थोडी जास्त समज लागते. मैद्याच्या केकमध्ये ग्लुटेन हवेचे बुडबुडे धरून ठेवतं. आपल्याला ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागतं. अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही. नसेल चालत तर चिया आहे. अलीकडच्या काही रब्बी हंगामांत आपल्या जिल्ह्यात चियाची लागवड चांगली वाढली आहे. शेतकरी ती विकतात, पण घरात वापरणारे थोडे. मोठा चमचाभर चिया तीन चमचे पाण्यात पंधरा मिनिटं भिजवला की त्याचा दाट बुळबुळीत लगदा होतो, तो एका अंड्याचं काम करतो. एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे मक्याचं कॉर्नफ्लोअर, पाऊण वाटी साखर किंवा किसलेला गूळ, अर्धी वाटी तेल, एक वाटी गोडसर दही आणि तो चियाचा लगदा एकत्र फेटा. भज्यांच्या पिठापेक्षा किंचित पातळ होईल इतपत दूध घाला आणि अर्धा तास तसंच ठेवा. मंगरूळपीर-कारंज्याकडची संत्री आलेली असतील तेव्हा वरची केशरी साल किसून घाला, पांढरा भाग कडू लागतो तो नको. भट्टी तापली की शेवटी दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून लगेच तूप लावलेल्या भांड्यात ओता. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी सुरी घालून बघा, कोरडी निघाली की झाला. बेकिंग पावडरच्या डबीवरचे घटकही वाचा, काहींत गव्हाचा स्टार्च असतो.

पाव ही सगळ्यात कठीण गोष्ट. तो हवाच असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं सत इसबगोल आणा. तीन चमचे इसबगोल दीड वाटी कोमट पाण्यात भिजवलं की पाच मिनिटांत त्याची खळ होते, तीच पीठ धरून ठेवते. ज्वारी, तांदूळ आणि आरारूट मिळून अडीच वाट्या पीठ, दोन लहान चमचे कोरडं यीस्ट, मीठ, साखर, तेल. हा गोळा पोळीच्या कणकेसारखा मळला जात नाही, सैलच राहतो, तो भांड्यात दाबून बसवा, एकदाच फुगू द्या आणि तासभर भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, आतून गिजगा लागेल. बाजारच्या पावासारखा तो होणार नाही हे लेकराला आधीच सांगा, मग त्याची निराशा होत नाही.

बाहेरच्या जेवणाचं मी थोडक्यात सांगते. शाळेतली खिचडी तांदळाची असते, पण मसाल्यात आणि हिंगात काय आहे ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विचारून घ्या, आणि मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी देऊन ठेवा. अंगणवाडीतून पाकीट मिळालं तर त्यावरचे घटक वाचल्याशिवाय उघडू नका. लग्नाला, महाप्रसादाला जाताना भाकरीचा डब्बा सोबत न्या, लाजू नका. वाढणारा आग्रह करील, तेव्हा मोठ्यांनी मध्ये पडून स्पष्ट नाही म्हणावं, लेकरावर ते ओझं टाकू नये. आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी असं लेकरू येणार असेल तर साधा भात आणि वरण, हिंग न घातलेलं, पोळ्यांपासून लांब, आधीच बाजूला काढून ठेवावं. यजमानाला याहून जास्त काही करावं लागत नाही.

शेवटी एक काम, जे बहुतेक घरांत राहून जातं. सीलिॲक रक्ताच्या नात्यात येतो. रुग्णाच्या दर शंभर सख्ख्या नातेवाइकांत साधारण सात-आठ जणांना तो असतो, आणि त्यातल्या अनेकांना काही त्रास जाणवत नसतो. म्हणून घरात एकाला निघाला असेल तर त्याच्या भावंडांची आणि आईवडिलांची टीटीजीची रक्ततपासणी करून घ्या, आणि ती त्यांच्या ताटातून गहू बंद करण्याआधी करा.